माझ्यापुढे राहिलेला मुलगा

मित्रांनो, नाटक सुरू होण्याआधी तुम्ही ज्याच्याकडे पाहत बसता आणि सुरू झाल्यावर ज्याला विसरून जाता, तो मी. उज्जैनच्या एका मराठी मंडळाचा जुना, निळा पडदा.

माझा जन्म मंडळाच्या सभागृहात, जमिनीवरच झाला. इंदूरहून मखमलीचा तागा आला तेव्हा माणिक शिंप्याने शिवणयंत्र खाली उतरवून घेतले, कारण टेबलावर मी मावत नव्हतो. मखमलीचे तंतू उभे असतात. त्यांच्यात शिरलेला उजेड फारसा परत फिरत नाही, म्हणून माझा निळा रंग खोल दिसतो. पण वारा आला की मी फडफडत असे. माणिकने माझ्या खालच्या काठाला एक लांब, अरुंद नळी शिवली आणि तिच्यात शिप्रेकाठची बारीक वाळू चाळून भरली. तेव्हापासून मी सरळ उभा राहायला शिकलो.

माझे दोन भाग आहेत. दोरी ओढली की मी मधून उघडतो आणि उलट ओढली की मिटतो. ही दोरी अण्णांच्या हाती असे. अण्णा दिवसा बँकेत काम करत आणि गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी मंडळात येत. रंगमंचावर त्यांनी कधी एक वाक्यही म्हटले नाही. पण नारळ फुटल्यावर ते हात धुऊन येत, माझ्या काठाला बोटे लावून ती कपाळाला टेकवत आणि तिसरी घंटा होईपर्यंत कोणाला दोरीजवळ फिरकू देत नसत.

काय दिवस होते ते! माझ्या पाठीमागे धूप, पावडर आणि चहा यांचा मिसळलेला वास असे. प्रत्येक नट लोक किती आले आहेत ते पाहायला माझी डावी कड बोटाने जरा सरकवून डोकावत असे. तिथली मखमल झिजून गुळगुळीत झाली आहे. तुम्ही हात लावून पाहिलात तर तुम्हालाही कळेल.

अण्णांचा मुलगा विहंग बालनाट्यात पहिल्यांदा उभा राहिला तो पोस्टमन होऊन. पत्र देऊन त्याने आत जायचे होते. तो गेलाच नाही. प्रवेश संपला, अण्णांनी दोरी ओढली, मी मिटलो आणि हा मुलगा माझ्या बाहेरच्या बाजूला, लोकांसमोर, एकटाच राहिला. क्षणभर गोंधळला. मग त्याने झोळीतली उरलेली पत्रे पहिल्या रांगेत वाटून टाकली. टाळ्या थांबेनात. घरी जाताना अण्णा म्हणाले होते, “बेटा, पडदा पडला की आत यायचं असतं.”

तो काही आत आला नाही. मोठा झाल्यावर नट व्हायला मुंबईला निघून गेला.

पुढे सभागृहात मोटारीवर चालणारा नवा पडदा आला. मला कोणी नावे ठेवली नाहीत, पण कोणाला माझी गरजही उरली नाही. अण्णांनी मला ऑटोत घालून उज्जैनच्याच नानाखेडा वस्तीतल्या घरी आणले आणि विहंगच्या आईने, अहल्याताईंनी, मला दिवाणाच्या पोटात ठेवून दिले. अंधारात वर्षे कशी गेली, मी मोजली नाहीत.

एका शनिवारी सकाळी दिवाण उघडला. पावसाळा संपला होता आणि कूलर झाकून ठेवायचे दिवस आले होते. अहल्याताईंनी मला जमिनीवर पसरले, कूलरच्या मापाने माझ्यावर खडूची रेघ मारली आणि कात्री शोधायला त्या आत गेल्या. मी त्या पांढऱ्या रेघेकडे पाहत पडून राहिलो.

त्याच घरात त्या दिवशी आणखी काहीतरी संपत होते. विहंग आदल्या दिवशी मुंबईहून आला होता, दोन बॅगा आणि गुंडाळलेली गादी घेऊन. खोली सोडून. नानाखेड्यातल्या एका खासगी शाळेत त्याला नाटक शिकवायची नोकरी मिळाली होती आणि सोमवारी रुजू व्हायचे होते. आईला त्याने शब्द दिला होता की आता पुरे.

आणि नेमका त्या सकाळी त्याचा फोन वाजला. मुंबईतल्या, नटांची निवड करणाऱ्या ऑफिसातल्या पल्लवी नावाच्या मुलीने एक प्रवेश पाठवला होता. संध्याकाळी सहाच्या आत तो करून, फोनवर चित्रित करून पाठवायचा होता. मागे भिंत साधी, गडद हवी.

“पाठवू नको म्हणशील तर नाही पाठवत,” तो आईला म्हणाला. “पण हा शेवटचा. पक्का.”

“मागच्या दिवाळीतला पण शेवटचाच होता,” अहल्याताई म्हणाल्या. “कर बाबा. सोमवार तर काही पळून नाही चालला.”

घरातल्या भिंती पिस्ता रंगाच्या, त्यावर कॅलेंडर, घड्याळ, शोकेस. चादर काढली तर तिच्यावर मोर. शेवटी अण्णा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “अरे, हा काय आपला पर्दा. फालतूमध्ये इकडेतिकडे काय शोधून राहिला?”

“दोन खिळे ठोका नि टांगा,” अहल्याताई म्हणाल्या.

“पडदा ठोकत नाहीत, अहल्या. लावतात.”

अण्णांनी ओल्या फडक्याने खडूची रेघ पुसली. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये तार ताणली, माझ्या पितळी कड्या चिंचेने घासून तिच्यात ओवल्या आणि दोरीसुद्धा रीतसर बसवली. उघडायचे नसलेल्या पडद्याला दोरी कशाला, हे विचारायचे कोणाला सुचले नाही. मलाही नाही. वाळूने काठ खाली ओढला आणि मी पुन्हा सरळ उभा राहिलो.

“मुंबईला कसं असतं रे?” तार बांधताना अण्णांनी विचारले.

“सकाळी निघायचं. एका गल्लीत माझ्याच वयाची, माझ्यासारखेच शर्ट घातलेली पोरं उभी असतात. नंबर आला की नाव सांगायचं, डावी बाजू दाखवायची, उजवी दाखवायची. ‘थँक यू’ म्हणाले की पुढची गल्ली.”

“आणि लोक? पाहायला?”

“लोक नसतात, अण्णा. एक कॅमेरा असतो.”

प्रवेश छोटासा होता. शहरात राहणारा मुलगा वडिलांशी फोनवर बोलतो, एवढाच. वडिलांची वाक्ये बाजूला बसून कोणीतरी वाचायला हवी होती. अण्णा खुर्ची घेऊन दोरीच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे बसले आणि चष्मा लावून, विहंगने उतरवून दिलेला कागद वाचू लागले.

“हॅलो बेटा. पिताजी खाँसते हैं. तबीयत कैसी है?”

“अण्णा, ‘खाँसते हैं’ वाचायचं नाही. खोकायचं.”

“मला खोकलाच नाही तर मी कशाला खोकू?”

दुपार अशीच सरली. विहंग चांगले करत होता, पण फार करत होता. आवाज थरथरवायचा, मान खाली घालायचा आणि स्वतःच पाहून पुसून टाकायचा. मी आयुष्यभर नटांच्या पाठी पाहिल्या आहेत. खोटा खांदा मला लगेच कळतो.

खिडकीतला उजेड उतरू लागला. अण्णांना अक्षरे दिसेनात, तेव्हा त्यांनी कागद मांडीवर पालथा घातला. “बोल तू. मी विचारतो माझं माझं.”

विहंगने स्वतःचा फोन चित्रणासाठी समोर ठेवला आणि आईचा फोन कानाला लावला.

“खाना खाया, बेटा?” अण्णांनी विचारले. वाचल्यासारखे नाही, रोज विचारतात तसे.

“हाँ पापा, खा लिया. दाल-चावल थे.”

“कमरे में पंखा-वंखा है ना?”

“है ना. सब बढ़िया है. आज तो बहुत काम था, बस अभी लौटा हूँ.”

त्याचा आवाज अगदी साधा होता. पण माझ्याकडे असलेली त्याची पाठ हळूहळू ताठ होत गेली, भरलेली घागर हिंदकळू नये म्हणून माणूस ताठ चालतो ना, तशी. “रखता हूँ,” तो म्हणाला. फोन कानावरून उतरला. तो तसाच उभा राहिला.

प्रवेश संपला होता. आणि अण्णांच्या हाताने, इतकी वर्षे जे केले तेच केले. त्या हाताने दोरी ओढली.

मी मिटलेलाच होतो, मित्रांनो. मला फक्त उघडता येत होते. मी उघडलो.

माझ्यामागे स्वयंपाकघराच्या दारात अहल्याताई उभ्या होत्या. एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हाताने पदराचे टोक तोंडावर धरलेले. दाल-चावल, पंखा, बहुत काम. ही वाक्ये त्या रोज रात्री फोनवर मराठीत ऐकत आल्या होत्या.

विहंग वळला. कॅमेरा चालूच होता.

“तेवढं शेवटचं काप रे,” अण्णा ओशाळून म्हणाले. “हातच गेला माझा.”

“काप बाई ते,” अहल्याताईही डोळे पुसत म्हणाल्या. “या घरच्या साडीत दिसतेय मी.”

विहंगने ते पुन्हा एकदा पाहिले. “राहू दे,” तो म्हणाला, आणि सहा वाजायच्या आत पाठवून दिले.

अहल्याताई माझी सुरकुती नीट करत उभ्या राहिल्या.

“खरंच जेवायचास का?”

“कधी कधी, आई.”

“आणि पंखा?”

“होता. बंद होता.”

त्यांनी मान हलवली. “शाळेत मी सांगते सोमवारी. तू जा परत. पण यापुढे फोनवर मला नाटक नको. नाही जेवलास तर नाही जेवलो म्हणायचं. जमेल?”

“जमेल.”

कात्री त्यांनी शिवणाच्या डब्यात ठेवून दिली. कूलरवर मोरांची चादर गेली. मला त्यांनी स्वतः घडी घालून विहंगच्या बॅगेत ठेवले आणि वाळू सांडू नये म्हणून काठाला नवे टाके घातले.

ती भूमिका त्याला मिळाली नाही. दुसऱ्या कोणाला मिळाली. मी आता मुंबईतल्या एका छोट्या खोलीत तारेवर उभा असतो. पूर्वी नट दिसावा म्हणून मला बाजूला व्हावे लागे, आता मी जागचा हललो नाही तरच तो दिसतो. मला सांभाळायला फार लागत नाही. आठवड्यातून एकदा तो मला उन्हात झटकतो आणि काठाची वाळू चाचपून पाहतो. तुमच्याही घरात दिवाणाच्या पोटात कोणी जुने पडून असेल. त्याच्यावर खडूची रेघ मारण्याआधी एकदा त्याला उजेडात लावून पाहा, एवढेच माझे मागणे आहे.

रोज संध्याकाळी विहंग माझ्यासमोर उभा राहून उज्जैनला फोन लावतो.

“नाही आई, अजून नाही जेवलो,” तो म्हणतो. “आज काम पण नाही मिळालं.”

त्या वेळी त्याचे खांदे सैल असतात.