माझ्या पोटात अडकलेल्या चिठ्ठ्या

मी एक जुना मोबाईल आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा आहे, पाठीचा रंग उडाला आहे आणि चार्जर जरा तिरका धरल्याशिवाय माझ्या पोटात काही जात नाही, हे सगळं खरं. पण मी रोज एका माणसाच्या शर्टाच्या खिशात, अगदी छातीशी बसतो. तुमच्या नव्याकोऱ्या मोबाईलला विचारा, त्याला अशी जागा मिळते का!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखेच हजारो भाऊ होते. खोक्यात बसून मी दुकानात आलो आणि तिथून एका ताईंनी मला विकत घेऊन आपल्या बाबांच्या हातात ठेवलं. ताईंचे बाबा म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे काका. त्यांचं दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर घड्याळं. काकांना कानांनी फार कमी ऐकू यायचं. घड्याळ चालू आहे की बंद, हे ते बोट टेकवून ओळखायचे.

ताई नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायच्या. फोनवर बोलायचं म्हटलं तर "काय? काय म्हणालीस?" यातच सगळा वेळ जायचा. मेसेजच्या गर्दीत काकांना काही सापडत नसे. ताईंची आई होती तेव्हा स्वयंपाकघरात एक कॅलेंडर टांगलेलं असायचं आणि त्याच्या चौकोनांत तिघंही एकमेकांना निरोप लिहायची. ताईंनी तेच माझ्यात आणलं. दोघांच्या मोबाईलमध्ये मिळून एकच कॅलेंडर. काकांनी माझ्यात लिहिलं की ताईंना दिसायचं. ताईंनी लिहिलं की ते माझ्यात उमटायचं, आणि मी काकांच्या छातीशी थरथरायचो.

"बाबा, आज दूध उतू गेलं."

"शेजारी उभी राहत जा. तुझी आई पुस्तक घेऊन उभी राहायची, तरी जायचंच."

असल्या चिठ्ठ्या नेता-आणता मला फार आनंद व्हायचा. दुकानात येणारी माणसं म्हणायची, "काका, तुम्हाला हे पण जमतं?" काका मला खिशातून काढून एकदा पुसून ठेवत.

मग एकदा ताई आल्या त्या कानाचं यंत्र घेऊनच.

"बाबा, नुसतं लावून तर बघा."

"मला काय धाड भरलीय? ऐकू येतंय सगळं."

"मग दार वाजवून वाजवून माझा हात दुखला तो?"

काकांनी ती डबी टेबलाच्या खणात टाकली आणि खण ढकलून दिला. ताईंनी आपली पिशवी उचलली. परत गेल्यावर त्यांची एवढीच चिठ्ठी आली, "पोचले." तारीख होती नऊ.

त्याच दिवशी माझी बॅटरी दुपारीच संपली. काकांचा स्वभाव असा, की कारण नसताना फिरणारं चक्र त्यांना बघवत नाही. फुकट फिरणारं यंत्र फुकट झिजतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी माझी सेटिंग उघडली आणि जे जे आपोआप चालत होतं ते ते बंद करत सुटले. त्यात ‘आपोआप सिंक’ नावाचं एक बटण होतं. दोन मोबाईलांची कॅलेंडरं जुळवून ठेवणारं बटण ते हेच. काकांनी तेही बंद केलं.

त्या दिवसापासून मी मुका झालो. काका रोज लिहायचे, "आज दोन घड्याळं चालू झाली." "अजून राग आहे का?" मी ते पोटात घेऊन बसायचो, पुढे पाठवता येत नव्हतं. तिकडून काही येतही नव्हतं. काका दर थोड्या वेळाने मला खिशातून काढून बघत आणि परत ठेवत. विसाव्या दिवशी त्यांनी लिहिलं, "लेक विसरली. असो." मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

सव्विसाव्या दिवशी, शुक्रवारी, ते मला मोबाईलच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने मला चार वेळा बोटाने खालीवर केलं आणि काकांच्या कानाशी ओरडला, "काका, सगळं पुसून नव्याने चालू करावं लागेल!"

"आणि आत लिहिलेलं?"

"ते जाणार. त्यात काय एवढं?"

"दे इकडे," काका म्हणाले.

आपल्या टेबलाशी येऊन त्यांनी दिवा लावला आणि डोळ्याला भिंग चढवलं. "घड्याळ बिघडलं की आधी बघायचं, शेवटचा हात कोणाचा लागला," ते माझ्याशीच बोलत होते. एकेक दिवस मागे सरकवत ते नऊ तारखेवर आले. तिथे ताईंची शेवटची चिठ्ठी होती, "पोचले." तिच्याखाली त्यांचीच एक चिठ्ठी होती, "फोनमधली न लागणारी चक्रं बंद केली. आता चार्ज टिकेल."

काकांनी त्या दोन ओळींवर बोट टेकवलं.

"अरे देवा! हात माझाच की!"

त्यांनी ते बटण शोधून पुन्हा चालू केलं. मी सव्वीस दिवसांचा एकदम थरथरलो. ताईही रोज लिहीत होत्या! "बाबा, रागावलात?" "बाबा, एक ओळ तरी." आणि दुसऱ्या दिवशीच्या, शनिवारच्या चौकोनात: "बाबा, मलाही डाव्या कानाने कमी ऐकू येतंय. अकरा वाजता माझ्या घराजवळच्या दवाखान्यात तपासणी आहे. याल का? मला भीती वाटते." खाली आणखी एक ओळ होती, "राहू दे. मी जाईन एकटी."

माझ्या पोटातल्या चिठ्ठ्याही सुटल्या. "लेक विसरली. असो." ही तेवढी गिळून टाकावी असं फार वाटलं, पण ते माझ्या हातात नव्हतं.

काकांनी शनिवारच्या चौकोनात लिहिलं, "येतोय." मग खण उघडला. आयुष्यभर घड्याळांत बसवले तसाच एक इवलासा सेल त्यांनी चिमट्याने त्या यंत्रात बसवला आणि यंत्र कानात घातलं. भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम बोलायला लागली. काका खुर्चीत गपकन बसले. डोळे पुसता पुसता म्हणाले, "ते कोपऱ्यातलं लंगडतंय की!"

शनिवारी दवाखान्याच्या बाकावर ताईंनी आधी त्यांच्या कानाकडे बघितलं, मग त्यांचा हात घट्ट धरला आणि नेहमीसारखं मोठ्याने म्हणाल्या, "बाबा, मी खूप घाबरले होते!"

"हळू बोल, बाळ," काका म्हणाले. "ऐकू येतंय."

ताईंनाही यंत्र लागणार आहे. ते कसं बसवायचं, हे काकाच शिकवणार आहेत.

मित्रांनो, आपल्या माणसाकडून बरेच दिवस काही आलं नाही, तर मनात राग धरायच्या आधी माझ्यासारख्याला जरा उघडून बघा. कदाचित तिकडून रोज कोणी लिहीत असेल. आणि आम्हाला पुसून कोरं करायच्या आधी आत काय साठलं आहे, ते एकदा वाचा.

विसाव्या दिवसाच्या त्या चौकोनात आता एक नवी ओळ आहे. ती ताईंकडून आली तेव्हा मी काकांच्या छातीशीच होतो.

"लेक विसरली नव्हती. असो."