शर्यतीच्या उजेडात निवडलेला प्रोजेक्टर

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. जुना म्हणजे चारच वर्षांचा. पण माझी काच फुटलेली आहे, कुशीत काठीचा घाव आहे. मित्रांनो, तो घाव मला मिळायलाच हवा होता.

जुन्नर तालुक्यातल्या एका दवाखान्याला एक्स-रे भिंतीवर मोठे करून पाहायचे होते. मला पारखायला विश्वस्त बाळासाहेबांनी बैलगाडा शर्यतीचा व्हिडिओ लावला. उधळलेला भंडारा, बैलांची रंगवलेली शिंगं, सगळं झळाळलं.

बाळासाहेब म्हणाले, "लई भारी! शर्यतीचा एवढा घाट दिसतोय राव, मग हाडं दिसणार न्हाईत व्हय?"

डॉक्टर वृषाली म्हणाल्या, "याचा काळा रंग राखाडी पडतोय. एक्स-रे लावून बघा, बारीक चीर हरवेल."

पण टाळ्या पडून गेल्या होत्या, माझी निवड झाली होती. मीही फुशारलो.

पुढच्या उन्हाळ्यात बोरी बुद्रुकला उसाच्या कडेला मेंढरं चारणाऱ्या राघूवर भर दुपारी बिबट्याने झेप घेतली. मान जबड्यात धरून त्याला उसात फरफटत नेलं. भाऊ गोरखने बिबट्याच्या तोंडावर काठीचे घाव घालून राघूला सोडवलं. दवाखान्यात आणलं तेव्हा त्याचा कान लोंबत होता, सदरा रक्ताने थबथबला होता. पण हातपाय हलत होते. कुणीतरी शहाणपणाने त्याच्या मानेला पट्टा बांधला होता.

वृषालीताई येडगावच्या शिबिराला गेल्या होत्या. नवे डॉक्टर संपत यांनी एक्स-रे माझ्यातून भिंतीवर पाडला. मणक्याला केसाएवढी चीर होती. ती माझ्यापर्यंत आली, भिंतीपर्यंत पोचली नाही.

"हाड शाबूत आहे," म्हणत त्यांनी पट्टा सोडला आणि टाके घालायला राघूची मान वळवली. कट्कन आवाज झाला.

राघू किंचाळला, "गोरख, माझं हात कुठं गेलं रं?"

गोरखची तीच काठी माझ्यावर कोसळली. "बिबट्याच्या तोंडातनं जित्ता आणला व्हता म्या!" माझी काच फुटली, तुकडे त्याच्याच तळहातात घुसले, तरी तो मारत राहिला. मग काठी संपत डॉक्टरांच्या खांद्यावर बसली. चौघांनी त्याला धरला तेव्हा तो लहान मुलासारखा रडत होता.

राघू जगला. त्याला घास गोरखच भरवतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना आमच्या कामावर पारखा, झगमगाटावर नको. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून तुम्ही विचारा.

परवा दवाखान्यात माझ्या जागी नवा प्रोजेक्टर आला. वृषालीताईंनी खोलीत अंधार केला, राघूचा तोच एक्स-रे लावला आणि गोरखला बोलावलं. कपाटातून मी पाहत होतो. गोरखने भिंतीवर बोट टेकवलं.

"ही बगा. एवढीशीच व्हती."