योग्य मुदत

आमच्या साहेबांनी आयुष्यात कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलेलं नव्हतं. त्या गुणावर ते तीन वेळा आमदार झाले, आणि त्याच गुणामुळे त्यांना न्यायाधीश करायला नको होतं. पण हे मला कुणी विचारलं नाही. मी स्टेनो. मला लोक सांगतात, विचारत नाहीत.

आमदार असताना दारात येईल त्याला ते 'बघू' म्हणत. कुणाची बदली, कुणाचा नळ, कुणाच्या जावयाची नोकरी, सगळ्याला एकच औषध. माणूस खूश होऊन परत जायचा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायचा. त्यांचं नावच बघूसाहेब पडलं होतं. त्यांच्या बायकोने मला एकदा सांगितलं, "लग्नाचं विचारलं तेव्हाही हे 'बघू'च म्हणाले. माझ्या वडिलांनी तो होकार धरला म्हणून, नाहीतर मी अजून वाट बघत असते."

विधानसभेत बारा वर्षं त्यांची भाषणं मी टिपून घेतली. त्यांचं वाक्य रस्त्यांवर सुरू व्हायचं, वाटेत शाळांमध्ये शिरायचं आणि गुरांच्या दवाखान्यात बसकण मारायचं. मग बाहेर येऊन ते म्हणत, "बाई, तेवढं नीट करून घ्या." मी नीट करत असे. छापील कार्यवृत्तात ते फार विचारी गृहस्थ दिसतात. ते विचारी गृहस्थ म्हणजे मी.

एका अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सेवानिवासांचं विधेयक आलं. नोकरीबरोबर राहायला खोली मिळालेल्या माणसाने नोकरी संपल्यावर ती 'योग्य मुदतीत' सोडावी, असं त्यात होतं. योग्य म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना घरी जायचं होतं. आमचे साहेब बोलायला उभे राहिले आणि तिसऱ्या मिनिटाला अध्यक्षांनी घंटा वाजवली. उरलेलं भाषण लेखी द्या, म्हणाले. साहेब खाली बसले. बाहेर आल्यावर त्यांनी विधेयकाची प्रत माझ्या हातात दिली. तिची पानं एकमेकांना चिकटलेलीच होती.

"बाई, उरलेलं तुम्हीच लिहा."

मी दीड पान लिहिलं. त्यातलं सव्वा पान नेहमीचं होतं. पण माझे वडील पाणीपुरवठ्याच्या पंपघराचे राखणदार. ते एका शुक्रवारी निवृत्त झाले आणि पुढच्या शुक्रवारी आमच्या गाद्या रस्त्यावर होत्या. आईने त्या गाद्यांवर चादर घातली, लोकांना दिसू नयेत म्हणून. मी तेव्हा नववीत होते. तर मी एक वाक्य लिहिलं: 'ज्याने तीस वर्षं दुसऱ्याचं कुलूप सांभाळलं, त्याच्यासाठी योग्य मुदत म्हणजे त्याचं उरलेलं आयुष्य.' साहेबांच्या नावाने ते छापून आलं. त्यांनी ते वाचलं नाही. इतर कुणी वाचलं असेल असंही मला वाटत नव्हतं.

पुढे पक्षाने साहेबांचं तिकीट कापलं. माणूस वकिलीची परीक्षा पास झालेला, त्यात कुणाचा शत्रू नाही. त्यांना न्यायाधीश करून टाकलं. त्यांनी मला मागून घेतलं.

कोर्टात दोघांपैकी एकाला हरावं लागतं, ही गोष्ट साहेबांना फार उद्धट वाटायची. वादीचं ऐकून ते मान डोलवत. प्रतिवादीचं ऐकूनही तेवढीच डोलवत. मग 'बघू' म्हणून पुढची तारीख देत. दोन्ही वकील समाधानाने बाहेर पडत. कपाटं भरली, मग खिडक्यांच्या कट्ट्यांवर फायली चढल्या. चौथ्या वर्षी कोर्टात दिवसाही दिवे लावायला लागायचे.

त्यातलीच एक फाईल नाट्यगृहाच्या राखणदाराची. रंगमंचामागे जिन्याखाली त्याची एक खोली. एकतीस वर्षं त्याने दारं उघडली, बंद केली, पडद्याचे दोर बदलले. निवृत्त झाल्यावर विश्वस्तांनी खोली मागितली, तिथे त्यांना कपडेपट करायचा होता. बायको वारलेली, मुलगी दूरच्या गावी सासू-सासऱ्यांजवळ. जायला जागा नाही. तीन वर्षं तो दर तारखेला येऊन तिसऱ्या बाकावर बसायचा. एकदा मी विचारलं, "काका, शर्टाला कायम घड्या कशा?"

"ट्रंकेतला आहे, ताई. सामान बांधून ठेवलंय. आज निकाल लागला आणि उद्या निघ म्हणाले, तर धांदल नको. एक पातेलं आणि एक चादर तेवढी बाहेर."

तीन वर्षं.

मग एका तारखेला राखणदाराच्या वकिलाने विधानसभेच्या कार्यवृत्ताचा जाडजूड खंड आणला. 'योग्य मुदत' म्हणजे काय, हे कायदा करणाऱ्यांच्याच शब्दांत ऐकवतो, म्हणाला, आणि सुदैवाने ते शब्द साहेबांचेच आहेत. मग त्याने माझं वाक्य खड्या आवाजात वाचलं. विश्वस्तांच्या वकिलानेही हरकत घेतली नाही. साहेब 'बघू' म्हणतील, याची त्याला खात्री असावी.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी वहीत डोकं घातलं. माझ्या मनात एकच होतं: गप्प बसा. तुम्ही गप्प बसलात तर म्हाताऱ्याची खोली वाचते.

त्यांनी दहा मिनिटांची सुट्टी घेतली आणि मला आत बोलावलं.

"बाई, हे मी बोललो होतो?"

"छापलंय तसं."

"मी विचारतोय, बोललो होतो का?"

"नाही. तुम्ही खाली बसला होता. मी लिहिलं. तुम्हीच सांगितलं होतं."

त्यांनी सोबत आणलेला खंड उघडून ते वाक्य स्वतः वाचलं. "छान लिहिलंय हो. मी असं बोलायला हवं होतं."

माझं डोकंच फिरलं. "मग आता बोला! कुणाला कळणार आहे?"

"तुम्हाला. आणि मला."

"मग द्या अजून एक तारीख!"

मी साहेबांवर आवाज चढवण्याची ही पहिलीच वेळ. ते रागावले नाहीत. "किती वर्षं येतोय तो?"

"तीन."

"आणि मी दर वेळी काय म्हणालो?"

"ते टिपणात आहे," मी म्हटलं.

बाहेर येऊन त्यांनी सरळ निकाल सांगायला सुरुवात केली. वकिलांची पेनं सापडेनात.

"या पुस्तकात माझ्या नावावर जे वाक्य आहे, ते मी बोललेलो नाही. मी ते विधेयक वाचलं नव्हतं. न वाचता हात वर केला. वाक्य माझ्या सांगण्यावरून दुसऱ्या व्यक्तीने लिहिलं. तिला या कायद्याची माझ्यापेक्षा जास्त समज होती. पण लोकांनी तिला निवडून दिलं नव्हतं, मला दिलं होतं. म्हणून ते वाक्य चांगलं असलं तरी कायदा नाही." त्यांना खोकला आला. पाणी प्यायले. "खोली जन्मभर मिळेल का? तर... नाही."

राखणदाराचा वकील अजून 'बघू'ची वाट पाहत होता.

"नाही," साहेब पुन्हा म्हणाले. "एक वर्ष. योग्य मुदत एक वर्ष. तोवर त्या दाराला कुणी हात लावायचा नाही."

मग ते माझ्याकडे वळले. "बाई, यातलं काही नीट करू नका."

मी टाइप केलं. अडखळलेलं अडखळल्यासारखं, दोनदा म्हटलेलं दोनदा. डोळ्यांत पाणी येत होतं आणि रागही येत होता. माझ्या वाक्याला साहेबांनी भर कोर्टात चांगलं म्हटलं होतं आणि त्याच दमात ते मारून टाकलं होतं. असल्या खरेपणाचं करायचं काय? माझ्या वडिलांना त्याने एक रात्रही छप्पर दिलं नसतं.

दुपारी राखणदार नकलेसाठी माझ्या खिडकीशी आला. चष्मा ट्रंकेत राहिला होता. "वाचून दाखवा, ताई."

मनात आलं, जरा गोड करून वाचावं. बारा वर्षांची सवय. पण होतं तसं वाचलं, 'नाही'सकट, दोन्ही वेळा.

"ते वाक्य मग कुणाचं?"

"माझं."

"चांगलं होतं," तो म्हणाला. मग त्याने कागदावर बोट ठेवलं. "एक वर्ष म्हणजे पुढच्या वर्षी याच तारखेपर्यंत ना? नक्की?"

"नक्की, काका."

"मधे तारीखबिरीख नाही?"

"नाही."

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. "चला, मग घरी जाऊन ट्रंक रिकामी करतो."