सहज आलेल्यांच्या दोन बाटल्या

मिशन प्रवासाचा अहवाल. 'मी' लिहू नये, 'कुटुंबप्रमुख' लिहावे.

उद्देश:
(हा रकाना कुटुंबप्रमुख, म्हणजे चर्चचे सेवक-डीकन इझ्रा ओडुरो, यांनी शेवटी भरायचं ठरवलं. घोळ तिथूनच सुरू झाला.)

सोबत कोण:
पत्नी फेलिशिया. थोरली बहीण पोमा, कारण ती स्वतःच व्हॅनमध्ये येऊन बसली. मुलगा ओबेड, वय सव्वीस, विजेचा इंजिनिअर. डिसेंबरात त्याचं राजधानी आक्रात लग्न, मंगल कार्यालय ठरलेलं.

साहित्य:
वाचायचे चष्मे, दोनशे. गावातल्या वडीलधाऱ्यांसाठी बिनदारूचा द्राक्षरस, दोन बाटल्या. फेलिशियाने हौसेने त्यांना लाल फीत बांधली होती.

आगमन:
सकाळी न्सुओयेम गावात पोचले. कुटुंबप्रमुख राजधानीत वाढलेले. खेड्याची त्यांना माहिती होती, म्हणजे खेड्यावर त्यांनी तीन प्रवचनं दिली होती. ओपानिन ड्वोमो या म्हाताऱ्या गावकर्त्याच्या अंगणात बाकं मांडली. आधी पाणी आलं. मग ओपानिन म्हणाला, "इकडे सगळं क्षेम आहे. वाट तुम्ही तुडवलीत, तेव्हा तुम्ही सांगा. कशासाठी येणं केलंत?"

हे विचारतातच. शेजारच्या घरून आलेल्यालाही विचारतात, आणि उत्तर सगळ्यांना माहीत असलं तरी ते तोंडाने सांगावं लागतं. पण चर्चमंडळीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, पहिल्या दिवशी काय देणार ते बोलू नका, नुसतं प्रेम करा. कुटुंबप्रमुखांनी नुसतं प्रेम केलं. बाटल्या पुढे ठेवल्या, हसले आणि म्हणाले, "काही विशेष नाही हो. सहज आलो."

म्हाताऱ्यांनी लाल फितीकडे पाहिलं, पोमाकडे पाहिलं, कडक इस्त्रीच्या ओबेडकडे पाहिलं.

"हा मुलगा का?" ओपानिनने विचारलं.

"हो, एकुलता."

"कामधंदा?"

"इंजिनिअर आहे!"

"घराण्यात वेड, फेफरं, हाणामारी?"

"छे छे, देवाची कृपा."

किती जिव्हाळ्याने चौकशी करतात ही माणसं, असं कुटुंबप्रमुखांच्या मनात आलं. हे वाक्य अहवालात घालायचं म्हणून त्यांनी ते दोनदा घोळवलंही. त्यांनी ओबेडचे परीक्षेतले गुण सांगितले. दातही चांगले आहेत, असं आपण होऊन जोडलं.

"सेर्वाला बोलवा," ओपानिन म्हणाला.

कसाव्याचे कंद दळायची गिरणी चालवणारी त्याची पुतणी हात पुसत आली. केसांवर पांढरं पीठ होतं. अख्खं घर तिच्यामागे येऊन उभं राहिलं.

पोमाने भावाच्या मांडीला चिमटा काढला. "अरे इझ्रा, मेल्या, ही सोयरीक चाललीय! दोन बाटल्या, मुलगा, सोबत आत्या. आपण मागणी घालायला दार ठोठावलंय!"

"काय? थांब, सांगतो त्यांना, गैरसमज..."

"आता? पोरीला चारचौघांत उभं केल्यावर? बघितली आणि नको म्हणाले, असं होईल. ती उद्या गिरणीवर कुठल्या तोंडाने बसेल? गप बस."

"आणि ओबेडचं लग्न?"

"हे तू त्याचे दात मोजताना आठवायचंस."

अडचणी:
त्यांनी बाटली उघडली की सोयरीक पक्की. आपण बाटली परत मागितली की मुलीची अब्रू गेली. कुटुंबप्रमुख प्रार्थनेसाठी प्रसिद्ध आहेत. पावसासाठी, परीक्षेसाठी, मूतखड्यासाठी त्यांनी प्रार्थना केल्या होत्या. आपल्या पोराला नकार मिळावा म्हणून प्रार्थना कशी करतात, ते त्यांना येईना.

"सेर्वा," ओपानिनने बाटली उचलली, "हे घेऊ का?"

तिने केसांवरचं पीठ झटकलं.

"घेऊ का?"

तिने ओबेडला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ओबेडने पोट आत घेतलं. का घेतलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"काका, कशासाठी आलात विचारल्यावर हे काय म्हणाले?"

"सहज, म्हणाले."

"मग राहू दे. मला मागायला यायचं आणि तसं म्हणायची लाज वाटायची, असल्या घरात मी जायची नाही. बाटल्या परत द्या."

रीत तीनदा विचारायची, म्हणून ओपानिनने तिसऱ्यांदा विचारलं. तोवर ती गिरणीकडे निघूनही गेली होती.

सुटलो! कुटुंबप्रमुखांनी श्वास सोडला आणि त्याच श्वासात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "का हो, आमच्या ओबेडमध्ये वाईट काय आहे?"

पोमाने दुसऱ्या मांडीला चिमटा काढला.

फलश्रुती:
दुपारी फुफूचे मऊ गोळे आणि शेंगदाण्याचं कालवण जेवल्यावर कुटुंबप्रमुख गिरणीवर गेले. "मुली, आम्ही खरं तर चष्मे वाटायला आलो होतो."

सेर्वाने गिरणी बंद केली. "चष्मे? माझी आई चार वर्षं सुई ओवायला माझ्याकडे येते. हे सकाळी सांगायला काय झालं होतं?"

"पुस्तिकेत..."

"आणा इकडे."

तासाभरात एकशे चाळीस चष्मे गेले. वाटले तिनेच. कुटुंबप्रमुखांनी खोकी उघडली.

परतताना ओबेड खिडकीबाहेर बघत बसला होता. मान न वळवता म्हणाला, "बाबा, तिने मला नीट बघितलं तरी का?"

"दात दिसले नसतील," फेलिशिया म्हणाली.

फीत बांधलेल्या बाटल्या मागच्या बाकावर किणकिणत होत्या. कुटुंबप्रमुखांनी मांडीवर कागद घेतला, वरचा रिकामा रकाना शोधला आणि खडबडीत रस्त्यावर, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं:

उद्देश: चष्मे वाटणे. (सांगायला उशीर झाला.)