खात्यावरची खोली

हेमराजनं सीपीयूचा पत्रा काढला, टॉर्च तोंडात धरला आणि आत डोकं घातलं. स्क्रीन पुन्हा निळी पडली होती. साडीच्या किनारीवरचा मोर मानेपर्यंत आला आणि कॉम्प्युटर बसला.

"सेव्ह केलेलंस ना?" टॉर्च काढून त्यानं विचारलं.

"मान सोडून सगळं," सोनाली म्हणाली.

भरतकामाच्या मशीननं टाके कसे घालायचे ते कॉम्प्युटरवर आखायचं, हे तिचं पंचिंगचं काम. नमुना संध्याकाळपर्यंत कडोदऱ्याच्या शेठला जायला हवा होता. पसंत पडला तर घरबसल्या कायमचं काम. शेठनं एकदा मुदत वाढवून दिली होती, पुन्हा देणार नव्हता. शिरपूरहून लग्न होऊन आल्यापासून सोनालीनं कशाचा हट्ट धरला असेल तर एवढ्याच कामाचा.

हेमराजला कॉम्प्युटरची दुरुस्ती कुणी शिकवली नव्हती. व्हिडिओ बघायचे, जुनी मशीनं उघडायची, झालं. हे मशीनही त्यानंच जोडलेलं. रॅम पुसून झाली, विंडोज नव्यानं टाकून झालं. तरी तेच. कधी निळी स्क्रीन, कधी चालू करताना डिस्कच सापडायची नाही. तपासायचं सॉफ्टवेअर मात्र म्हणायचं, ड्राइव्हची तब्येत ठणठणीत.

"एसएसडी ड्राइव्ह मरायला टेकलीय," तो म्हणाला.

"काल तर दिवसभर चालली."

"मरायच्या आधी एखादा दिवस नीट चालतात त्या."

"माणसासारख्या," दाराशी गवार निवडत बसलेली त्याची आई, सरलाबाई, म्हणाली. "तिले चहा तं पिऊ दे रे. सकायपासून बशेल शे ती."

सोनाली म्हणाली, "काल खालचं मागाचं खातं बंद होतं."

"मग?"

"काल काही हलत नव्हतं."

"काय हलतं?"

तो चेष्टा करतोय का, हे तिनं आधी बघून घेतलं. "सगळंच. भिंत, लादी, हे टेबल."

सरलाबाई हसली. "आम्हना जलम गया आठे. काय हालस वं?"

हेमराजही हसला. खाली रात्रंदिवस माग चालायचे, वर ही खोली, आणि त्याचा जन्म भेस्तानातल्या याच खोलीतला. खाली आवाज होतो हे त्याला पाहुणे ओरडून बोलायला लागले की आठवायचं.

"एसएसडीत फिरणारं काही नसतं," तो समजावत म्हणाला. "हलली तरी तिला काय?"

सोनाली वाद घालत बसली नाही. भिंतीवरचं बटण बंद केलं, त्याचा हात धरला आणि सीपीयूच्या आत ड्राइव्हवर ठेवला.

"काही नाही," तो म्हणाला.

"डोळे मिटा ना जरा."

त्यानं मिटले. आधी नुसता तिचा हात कळला. मग बोटाखाली काहीतरी बारीक थरथरलं. थांबेचना. त्यानं डोळे उघडून टॉर्च मारला. ब्रॅकेट नव्हतं म्हणून त्यानं ड्राइव्ह टेपनं चिकटवली होती. टेप वाळून सुटली होती, ड्राइव्ह नुसती केबलला लोंबत होती आणि हादऱ्यानं पिन जरा जरा बाहेर सरकत होती.

"अरे," एवढंच तो म्हणाला.

पिन पक्की बसवली, ड्राइव्ह स्क्रूनं थेट पत्र्याला आवळली. सायकलची जुनी ट्यूब कापून सीपीयूखाली तुकडे घातले. सोनालीनं मोराची मान पुन्हा आखायला घेतली. दिवस कलायच्या आत फाइल गेली. थोड्या वेळानं शेठचा मेसेज आला: चलेगा, सोमवारी दुसरं काम घेऊन जा.

सोनालीनं तो मेसेज त्याला दाखवला, मग सासूला दाखवला, मग एकटीनंच पुन्हा वाचला.

हेमराज मात्र लादीवर तळवा टेकून बसला होता. एकदा कळलं म्हटल्यावर ते आता जाईना. गुडघ्यात, दातांत, सगळीकडे. रात्री ती उठून बसायची तेव्हा तो विचारायचा, माहेरची आठवण येते का? ती नाही म्हणायची. लाजते, असं त्याला वाटायचं.

"झोपल्यावर पण कळतं हे?"

तिला काय ते लगेच कळलं. "होईल सवय," ती म्हणाली.

हेमराजनं उरलेली ट्यूब आणि कात्री उचलली, आतल्या खोलीत गेला आणि पलंगाचा एक पाय वर करायला लागला.

"आते पलंगले काय व्हयनं?" सरलाबाईनं बाहेरून विचारलं.

सोनाली उठली, आत गेली आणि तिनं दुसऱ्या बाजूनं पलंग धरला.