वाट बघणारं मशीन

१९९८ सालची आयुधपूजा. गवीपुरातल्या घरात अंबुबाईंनी पाटावर विठोजींचे ब्रश मांडले, रंगाचे वाळलेले डबे मांडले, आणि कुंकवाचं बोट घेऊन त्या हॉलमधल्या कॉम्प्युटरकडे वळल्या.

"काकू, त्या फटीत नको! फ्लॉपी जाते तिथून," शुभदा ओरडली.

"मग कुठं लावू? ह्याला कपाळ कुठलं गं?"

"पडद्याच्या वर लावा."

"सरी, बरं," म्हणत अंबुबाईंनी वरच्या कडेला ठसठशीत कुंकू लावलं, शेवंतीचं फूल ठेवलं. माउसलाही एक टिकली लावली. खुर्चीतले विठोजी तोंडाच्या एका बाजूने हसले. दुसरी बाजू आदल्या वर्षीपासून हसत नव्हती.

विठोजी पेंटर म्हटलं की चामराजपेटेत कुणी पत्ता विचारत नसे. किराणा, सराफ, दवाखाना, शिंपी, सगळ्यांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. कानडी अक्षरांना ते असा काही गोलावा देत की माणूस दुकानात शिरायच्या आधी पाटीकडे बघत उभा राहायचा. मग मशीनवर कापलेली चिकटवायची अक्षरं आली, कामं कमी झाली, आणि एका सकाळी दात घासताना उजवा हातच गेला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो त्यांनी रागाने कोपऱ्यात टाकला, तो तिथेच पडून होता.

शुभदा पुण्याची. कोरमंगलात नोकरी, आणि ह्यांच्या माडीवरची खोली भाड्याने. माडीवरच्या वायरी जुन्या, कॉम्प्युटर लावला की फ्यूज उडायचा, म्हणून तो खाली हॉलमध्ये आला. एका रविवारी तिने सहज विठोजींच्या उजव्या हातात माउस दिला, वर आपला हात ठेवला, आणि पडद्यावर एक वाकडीतिकडी निळी रेघ उमटली. विठोजी त्या रेघेकडे कितीतरी वेळ बघत राहिले. तेव्हापासून दुपारचा कॉम्प्युटर त्यांचा आणि संध्याकाळपासूनचा तिचा.

"एका घरात दोन बिऱ्हाडं समजा, काकू," शुभदाने समजावलं होतं. "काकांचं चित्रकाम विंडोजमध्ये, माझं ऑफिसचं काम लिनक्समध्ये. चालू केलं की मशीन विचारतं, कुणाकडे जायचं? तुम्ही ही किल्ली दाबायची. नाही दाबली, तर जरा थांबून ते आपलं माझ्याकडे जातं."

"तुझ्याकडेच का गं?"

"माझं काम रात्रभर चालू असतं ना. मध्येच लाइट जाऊन आली, तर मी झोपेत असले तरी त्याने उठून कामाला लागायला हवं."

किल्ली अंबुबाईच दाबत. पण आयुधपूजा झाली आणि दसऱ्याच्या दुपारी विठोजींनी त्यांचा हात बाजूला सारला. "बेडा," ते म्हणाले. कानडीत नको म्हणणं त्यांना अजून जमत होतं.

उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठला, टेबलावर आला, गोगलगायीसारखा पुढे सरकला. तो किल्लीपाशी पोचायच्या आत पडदा काळा झाला, भराभर पांढरी अक्षरं धावली आणि मशीन शुभदाचा पासवर्ड मागू लागलं. अंबुबाईंनी बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी विठोजींनी मान भिंतीकडे फिरवली. दुसऱ्या दिवशी ते कॉम्प्युटरपुढे बसलेच नाहीत.

संध्याकाळी शुभदाने चपला काढता काढता विचारलं, "काका, आज काय काढलं?"

"मशीन बिघडलंय गं," अंबुबाईंनी घाईने सांगितलं. "तुझ्याकडेच जातंय सारखं." ह्यांचा हात पोचत नाही, हे ह्यांच्यासमोर कसं म्हणायचं?

झालं. शुभदा त्या बिघाडाच्या मागे लागली. डबा उघडून वायरी घट्ट केल्या, व्हायरस शोधला, तो प्रश्न विचारणारा भाग फ्लॉपीवरून नव्याने घातला. दर वेळी स्वतः किल्ली दाबून बघायची आणि मशीन शहाण्यासारखं विंडोजमध्ये जायचं.

"माझ्या हाताला बरोबर चालतं. तुमच्याच हाताला काय होतं, काका?"

विठोजींनी हात पंच्याच्या आत ओढून घेतला. अंबुबाई दूध बघायला म्हणून आत गेल्या, आणि गॅस बंद होता तरी तिथेच उभ्या राहिल्या. वापरला नाही तर हात स्वतःलाच विसरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आठवडा होत आला होता.

शनिवारी अंबुबाईंनी शुभदाला जिन्यात गाठलं. "उद्या सुट्टी ना तुला? ह्यांच्या शेजारी बस स्वल्प. काही करू नको, नुसतं बघ."

रविवारी विठोजींना खुर्चीत आणणं सोपं गेलं नाही. "पोरीला दाखवा तरी काय बिघडलंय ते," अंबुबाई म्हणाल्या, तेव्हा कुठे ते उठले.

प्रश्न पडद्यावर आला. हात उठला, सरकला. पडदा काळा झाला.

शुभदाने हाताकडे बघितलं, मग अंबुबाईंकडे. अंबुबाई पदराचं टोक चुरगळत होत्या.

"सापडलं!" शुभदा म्हणाली. "अहो, माझीच चूक, काका. मीच ह्याला घाई करायला शिकवून ठेवलंय. कसलं उद्धट मशीन आहे!" तिने खटखट काहीतरी टाइप केलं, एक ओळ पुसली. "हं. आता करा."

प्रश्न आला. हात निघाला. बाहेर सोप्पूवाली पालेभाजीची टोपली घेऊन ओरडत आली आणि गल्ली संपवून गेली. आत कुकरची शिट्टी झाली. प्रश्न तसाच होता. शेवटी विठोजींचं बोट किल्लीवर टेकलं आणि पडदा निळा झाला.

"सरी," विठोजी म्हणाले.

पुढे एका सकाळी अंबुबाईंनी पाहिलं, शुभदा पारोशी कॉम्प्युटरपुढे बसली होती. रात्री लाइट जाऊन आली होती, आणि मशीन रात्रभर प्रश्नावर थांबून राहिलं होतं.

"तुझं काम?"

"राहिलं. साहेब आज पूजा बांधणार माझी."

"मग रात्रीपुरतं आधीसारखं कर, बाई. सकाळी बदल."

"आणि सकाळी घाईत विसरले तर? दुपारी काका काय करतील?"

अंबुबाईंनी तिच्यापुढे कॉफी ठेवली.

संक्रांतीला विठोजींनी पडद्यावर एक नाव काढलं, कानडी अक्षरांत, जुन्या गोलाव्याचं. शुभदाला ते वाचता येईना. "तुझंच आहे गं," अंबुबाई म्हणाल्या. तिने ते ऑफिसमध्ये छापून आणलं आणि माडीच्या दाराला लावलं. विठोजींनी केलेली ती शेवटची पाटी.

शुभदा लग्न होऊन पुण्याला गेली, आता तिच्या मुली कॉलेजात आहेत. जाताना कॉम्प्युटर काकांकडेच ठेवून गेली. विठोजी पुढे सहा वर्षं जगले आणि शेवटपर्यंत उजव्या हाताने जेवले.

अंबुबाई त्याच घरात आहेत. माडीवरचे भाडेकरू बदलले, दारावरचा कागद त्यांनी कुणाला काढू दिला नाही. दर आयुधपूजेला त्या ब्रशांशेजारचा तो कॉम्प्युटर पुसतात, फटीत जाणार नाही असं कुंकू लावतात आणि चालू करतात. प्रश्न येतो. त्या किल्ली दाबत नाहीत. फूल ठेवतात, आत जाऊन नैवेद्याचं बघतात, कॉफी घेऊन सावकाश येऊन बसतात. प्रश्न तसाच असतो.