बेलचा पट्टा

त्या रात्रीच्या शिकारीत म्हातारी कुत्री बेल पहिली आली. बेल मंगळवारीच मेली होती, त्यामुळे हे घडलंच नाही असं धरून पुढे गेलेलं बरं.

एल्झी स्टिडमने गाडीमागची कुत्र्याची पेटी उघडली, आत हात घातला आणि पट्टा तेवढा बाहेर काढला.

"म्हातारी कुठाय?" बर्लने विचारलं. बर्ल आजचा पंच, कोळशाच्या खाणीतला एल्झीचा जुना सोबती. खाण बंद पडली तरी याचा खोकला चालूच होता.

"आहे की. झोपलीय अजून."

"मालकावर गेलीय."

शिकारी क्लबचा नियम साधा होता. कुत्रा नसेल त्याने डोंगरात यायचं नाही, क्लबघरात बसून कॉफी प्यायची. तिथे बसणारे दोघे गेल्या हिवाळ्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. एल्झीच्या घरी तर न बोलायलाही कोणी नव्हतं. शनिवारची शिकार संपली की पुढच्या शनिवारपर्यंत त्याच्याशी बोलणारा एकटा रेडिओ, आणि तोही केंटकीच्या त्या दरीत अर्धवटच ऐकू येई.

ओढ्यापाशी तिघं थांबले. तिसरा क्रिट, वयाने सगळ्यांत लहान. त्याची जिनी ही बेलची नात, आणि रॅकून या निशाचर जनावराच्या मागावर ती आज पहिल्यांदाच निघाली होती. क्रिटने तिला सोडलं तशी ती उधळली.

एल्झी अंधारात थोडा पुढे गेला, वाकला, पट्ट्याची कडी खट्‌कन उघडली.

"जा पोरी."

कोणीच गेलं नाही.

"किती शांत गेली," बर्ल म्हणाला.

मग दिवे मालवून कान लावायचे. रॅकून झाडावर चढला की कुत्र्याचं लांबलचक भुंकणं तुटक होतं. ज्याला त्यात आपला कुत्रा ओळखू येईल, त्याने 'झाड' म्हणून त्याचं नाव पुकारायचं; आधी पुकारेल त्याचा कुत्रा पहिला. पुकारलेलं नाव मागे घेता येत नाही, आणि झाडाखाली तो कुत्रा नसला तर मालक हंगामभर बाद. एल्झीने ठरवलं होतं, आज तोंडच उघडायचं नाही. गप्प बसणाऱ्याला कोणी बाद करत नाही.

कड्याच्या बाजूने भुंकणं आलं. आधी लांब, मग तुटक, घाईचं, आणि दर भुंकण्याच्या शेवटी जुन्या फाटकाच्या बिजागरीसारखी कुरकुर.

"झाड, बेल!" एल्झी ओरडला.

ओरडून झाल्यावर त्याला आठवलं.

क्रिटने पुकारायला तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं. बर्लने कानटोपी खाली ओढली.

"चला, बघू या."

चढ उभा होता. दगड पायाखालून सुटत होते, काटेरी जाळी सदऱ्याला धरून ठेवत होती. अर्ध्यावर एल्झी थांबला.

"बर्ल, ऐक. मला सांगायचंय की–"

"चढताना सांगू नकोस. ऐकायलासुद्धा दम लागतो."

ओकच्या झाडाखाली जिनी होती. बुंध्यावर पुढचे पाय टेकून आजीच्या आवाजात भुंकत होती. दुसरं कोणी नव्हतं. बर्लने दिवा पेटवला तो सरळ शेंड्यावर धरला. फांदीत दोन हिरवट डोळे लकाकले. रॅकून दिसला, काम झालं, तरी दिव्याचा झोत खाली आलाच नाही. पंचाने तो तिथेच धरून ठेवला.

"बेल पहिली, जिनी दुसरी."

"बर्ल–"

"पंचाशी वाद घालायचा नाही."

क्रिटने जिनीला चाचपडत पकडलं. "एल्झीकाका, तुमच्या म्हातारीला पट्टा लावा. दमली असेल."

एल्झी बुंध्याशी वाकला. अंधारात कडी खट्‌कन बसली. उतरताना तो पट्टा हातात धरून सगळ्यांच्या मागून सावकाश चालला. हल्ली बेलला उतार झेपत नसे.

गाड्यांपाशी आल्यावर बर्ल खोकला.

"पुढच्या शनिवारी?"

"बघतो."

दोघांच्या गाड्या वळणापलीकडे गेल्या. एल्झीने पट्टा पेटीत ठेवला, पेटीला कडी घातली, ती नीट बसली का ते पाहिलं. मग काळ्याभोर डोंगराकडे तोंड करून घसा साफ केला आणि क्लबच्या सभेत बोलतात त्या आवाजात म्हणाला,

"विनंती अशी, की सदर कुत्री वारली ही बाब पुढच्या हंगामापासून लागू धरावी. तोवर तिला हजर समजण्यात यावं."